पाणीवाले सर

रस्त्यात विहीर दिसली की सरांची मोटारसायकल थांबलीच. मागे कोण बसलंय, कुठं पोचायचंय, काही न बघता ते काठावर जाऊन वाकायचे आणि परत येताना स्वतःशीच पुटपुटायचे, "चालंल अजून महिनाभर." आष्टीजवळच्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर खेळ शिकवायचे. पोहण्याचा संघ त्यांनीच काढला. कॉलेजला तलाव नव्हता, म्हणून आसपासच्या विहिरींत आमचा सराव. मुलं त्यांना पाणीवाले सर म्हणायची.

सगळ्यात जास्त दिवस पाणी टिकायचं आमच्या विहिरीला. मी पुण्यात, मामाकडच्या क्लबात पोहायला शिकलेली. चष्मा, टोपी, पोशाख सगळं माझ्याकडं. संघातल्या रुक्मिणकडं एक जुना पंजाबी ड्रेस, पण ती पाण्यात उतरली की मला फक्त तिचे तळवे दिसायचे. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. माझे वडील, अण्णा, सरांना म्हणाले, "आमच्या पोरी पवल्या तर ठीक. टोळीवाल्यांच्या कशाला?"

"पाणी तुमचं हाय, अण्णा. पोरगी कॉलेजची हाय."

अण्णा मोटर बघायला निघून गेले. सरांनी ते हो धरलं.

पण विहिरी भरलेल्या असायच्या तेव्हा रुक्मिण आईबापांबरोबर कारखान्यावर असायची, आणि परतायची तेव्हा विहिरींचा तळ उघडा पडलेला. सरांना हे सहन व्हायचं नाही. एका हिवाळ्यात ते कारखान्याजवळच्या तिच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, जाऊन आले आणि तिथल्या कालव्यात तिचा सराव सुरू करून दिला. परत आल्यावर आम्हांलाही पहाटे बाहेर काढलं. "ती दिवसभर उसाच्या मोळ्या बांधून पवती, अन् तुमी स्वेटर घालून बसता."

विद्यापीठाच्या स्पर्धेत रुक्मिणनं पहिल्यांदा तलाव पाहिला. पलीकडच्या भिंतीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढं होती. शहरातल्या मुली भिंतीजवळ पाण्यातच कोलांटी मारून, पाय रोवून परत सुटल्या. रुक्मिण थांबली, भिंत धरली, मग वळली. दर फेरीला तेच. चौथी आली आणि निवड तिघींची झाली. येताना सर बसमध्ये बसलेच नाहीत, दारात उभे राहिले. "पवण्यात न्हाई हारली," ते म्हणाले. "वळण्यात हारली. गोल विहिरीत कुठनं शिकवू वळायला?"

जूनमध्ये कॉलेजनं त्यांना तास दिले नाहीत. ते पुण्याला गेले आणि एका मोठ्या सोसायटीच्या तलावावर मुलांना शिकवू लागले. मला फोन करायचे. "इथं बारा महिने पाणी हाय. पोरं आईनं ढकलल्याबिगर उतरत न्हाईत. रुक्मिणचं काय चाललंय?"

पुढं ती विद्यापीठाच्या संघात गेली, सर मात्र कुठंच कायम झाले नाहीत. पण मला आठवते ती सर पुण्याला गेले त्या वर्षीची, दिवाळीनंतरची सकाळ. टोळीचा ट्रक भरला होता, रुक्मिण वर बसली होती, आणि पुण्याहून मोटारसायकलवर आलेले सर तिच्या बापाला समजावत होते. बायकोला विचारून आलोय, ती पुण्याला आमच्या घरी राहील, तिथल्या कॉलेजात बोलून ठेवलंय.

बाप शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं खरं हाय. पण मोळ्या कोण बांधील?"



"मी बांधीन," रुक्मिणची आई वरून म्हणाली. तिनं पोरीचं बोचकं सरांच्या हातात दिलं. "उतर गं."

ट्रक गेला. रुक्मिण रडत उभी होती. सरांनी बोचकं मोटारसायकलला बांधलं, दोरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "रड वाटेनं. उद्या सकाळी भिंतीपासनं सुरू करायचंय."