अटक नाही, नुसती चौकशी

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे. हिंजवडीच्या कंपन्या भरत गेल्या तसा आमचा वर्ग रिकामा होत गेला. उरलेल्यांत खडकीचा एक मुसलमान मुलगा होता. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, घर तिथल्याच क्वार्टरमध्ये. न्याय्य कायदा कशाला म्हणायचं हा विषय निघाला की वर्गात तोच भांडायचा.

"मॅडम, पुरावा बॉम्ब फुटल्यावर मिळतो. सरकारनं तोवर थांबायचं का? संशय आला की उचलावं."

"आणि संशय चुकीचा निघाला तर?"

"तर सोडावं. एवढं काय त्यात?"

पुढे त्यानं कम्प्युटरचा कोर्स केला, आयटी कंपनीत लागला. पेढे घेऊन घरी आला होता.

काही वर्षांनी शहरात स्फोट झाला. माणसं गेली. त्यानंतर एका सकाळी त्याचे वडील माझ्या दारात उभे. "मॅडम, पोराला चौकशीला नेलंय. भेटू देत नाहीत."

पोलीस ज्याला शोधत होते, त्याच्या फोनमध्ये याचा नंबर सापडला होता. दोघं रविवारी एका मैदानावर क्रिकेट खेळायचे, इतकीच ओळख.

आम्ही दोघं पोलीस स्टेशनला गेलो. साहेब तरुण होते, जागरणानं डोळे लाल झालेले. अदबीनं वागले, चहा मागवला.

मी म्हटलं, "अटक केली असेल तर कोर्टापुढे उभं करा, नाहीतर सोडा. कायदा आहे तो."

"अटक नाहीच, मॅडम. नुसती चौकशी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी हॉस्पिटलमध्ये जाऊन आलोय. तिथलं बघितलंय. हा उद्या काही करणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल?"

"आणा कागद. देते."

त्यांनी मान हलवली. "त्याचा उपयोग नाही हो. उद्या काही झालं तर विचारणार मलाच."

वडील कपातल्या चहाकडे बघत बसले होते. तो त्यांनी प्यायलाच नाही.

मुलगा सुटला. त्याच्याविरुद्ध काहीच निघालं नाही, पण तसं कुणी जाहीरही केलं नाही. कंपनीनं गोड बोलून राजीनामा घेतला. दुसऱ्या नोकरीसाठी मी ओळखीपाळखीत शब्द टाकून बघितला. "मुलगा चांगलाच असेल हो, पण कशाला उगाच?" हेच उत्तर सगळीकडे.

गावी जायच्या आधी निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मत माझं अजून तेच आहे. फक्त तेव्हा 'संशयित' म्हटलं की डोळ्यांपुढे दुसरंच कोणीतरी यायचं."

मी त्याच्यासमोर थालीपीठ ठेवलं. दुसरं काय करणार होते?

कारखान्याच्या गेटवर ओळखीचे शिपाई वडिलांचा जेवणाचा डबा उघडून बघू लागले होते. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि सगळे अकोल्याकडे, आपल्या गावी गेले. मुलगा तिथे मोबाइल दुरुस्त करतो. ईदला त्याच्या आईचा फोन येतो. त्याला द्या म्हटलं, की तो नेमका दुकानात गेलेला असतो.