एका बरणीतले बेडूक

संग्रहालयातल्या बरण्या सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे बरणीमामा म्हणत. औषधी पाण्यात बुडवलेले बेडूक, मासे, गांडुळं आणि शेजारच्या कपाटात टाचलेली फुलपाखरं हाच त्यांचा संसार. कुणी बरणी जरा सरकवली की मामांचा पारा चढलाच.

एक दिवस नव्या संशोधक बाईंनी तपकिरी बेडकांची मोठी बरणी पुढ्यात ओढली.

"मामा, ही एक जात नाही. तीन आहेत. दिसायला सारख्या, पण एकमेकींत जोड्या जमत नाहीत."

"जन्म गेला माझा यांच्यात. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं."

"आपल्याला तसं वाटतं. बेडकीला नराची हाक बरोबर कळते. तुमच्या फुलपाखरांत, गांडुळांतही असंच निघतंय आता."

मामांना सगळी फळी नव्याने लावायची दिसू लागली. ते फणकारले, "उद्या म्हणाल, मीसुद्धा दोघं आहे."

घरी त्यांनी हे मामींच्या कानावर घातलं. "आहातच दोघं," मामी शांतपणे म्हणाल्या. "कामावरचे बोलके, घरातले मुके."

बाईंनी मामांना बेडकांच्या हाका ऐकायला तळ्यावर बोलावलं, तशा मामीही निघाल्या. दिवेलागणीला बेडूक सुरू झाले. मामांना नुसता कालवा ऐकू येत होता. मामींनी मात्र डोळे मिटले.

"हा दारासारखा करकरतोय. तो पलीकडचा टिचक्या वाजवतोय. आणि हा गुळण्या करतोय, अगदी तुमच्यासारख्या."

बाईंच्या आवाज टिपणाऱ्या यंत्रावरही तीनच तऱ्हेच्या रेघा उमटल्या. मामा बायकोकडे बघतच राहिले.

"तुला कसं गं कळलं?"

"तीन नणंदांत नांदले मी. बंद दाराआडून 'वहिनी' ऐकू आलं, की कुठली ते ओळखूनच उठायचं की नाही ठरवायचे."

पण बरणीतले बेडूक ओरडणार कसे? बाईंनी प्रत्येकाचा मांसाचा कण काढून तपासायला घेतला. मामा कुरकुरत प्रत्येकाच्या पायाला रंगीत दोरा बांधत बसले. शेवटी तीन बरण्या भरल्या. एक म्हातारा बेडूक तेवढा उरला. जुन्या औषधाने त्याचा कण पार खराब झाला होता, तपासणीतही पत्ता लागेना.

मामांनी त्याला छोटी बरणी दिली आणि वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'वरील तिघांपैकी कुणीतरी. स्वतः सांगत नाही.'

बाईंनी ती वाचली, हसू दाबलं आणि तशीच राहू दिली.