दिग्गीचं कपाट आणि तात्यांची आद्याक्षरं

श्री. विठोबा नारायण मिराशी, म्हणजे आपणा सर्वांचे तात्या, साठ वर्षांचे झाले. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी मी लिहावं असं सत्कार समितीने सांगितलं तेव्हा मी ऐटीत होकार दिला. लेख लिहून तयारही होता. तो मी फाडून टाकला. मागच्या आठवड्यात जे पाहिलं त्याने मी हादरलो आहे, आणि अशा अवस्थेत सुबक वाक्यं सुचत नाहीत. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तात्यांची आणि माझी पहिली भेट रामनगरात, त्यांच्या कपाटांच्या कारखान्यात झाली. सुपा धरणाच्या कामावर त्यांनी कैक वर्षं नकाशे काढले होते. त्याच धरणात त्यांचं गाव बुडाल्यावर त्यांनी रामनगरात बिऱ्हाड केलं आणि कारखाना घातला. बेळगावहून एक जुना संगणक आणला आणि स्वतःच शिकून कपाटाचा आराखडा काढणारा प्रोग्राम लिहिला. भिंतीची मापं भरली की फळ्या, दारं, खण यांची कापायची मापं कागदावर छापून येत. मी बेळगावात संगणकाची पदविका घेतलेला, तिशीला टेकलेला माणूस. नोकरीसाठी प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी ते न वाचता बाजूला ठेवलं, शेजारच्या कपाटाचा खण ओढून उपडा केला आणि म्हणाले, "हे वाचा." तळाला पेन्सिलीने 'बाबू' असं नाव आणि खाली तारीख होती.

"ज्यानं केलं त्याचं नाव. उद्या खण अडला तर लोकांनी कुणाकडं यायचं ते कळाय नको? नाव घातल्याबिगर आमच्यातनं काय भाईर जात न्हाई. त्या संगणकातलं बी न्हाई."

प्रोग्राममधली एक ओळ जरी बदलली, तरी तिच्या शेजारी बदलणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख घालायची, असा त्यांचा दंडक होता. सुताराची पद्धत संगणकाला लावणारा हा गृहस्थ मला तेव्हा विक्षिप्त वाटला.

दुसरा हट्ट त्याहून मोठा. संगणक बदलले, त्यांच्या चालक प्रणाली बदलल्या, काळ्या पडद्याची डॉस गेली आणि उंदीर फिरवायची विंडोज आली. प्रत्येक वेळी जुना प्रोग्राम रुसून बसे आणि तात्या महिना महिना खपून त्याला नव्या घरी नांदवत. नवीन विकत का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कपाट पन्नास वर्षं टिकतंय अनंता. त्याचा नकाशा पाच वर्षांत उघडंना झाला तर आमी त्या मानसाला काय तोंड दाखवायचं?" हे नुसतं बोलणं नव्हतं. गुंद गावच्या एका शेतकऱ्याच्या कपाटाचं दार त्याच्या बैलाने फोडलं. बैल घरात का शिरला हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याने फक्त खणाच्या तळाचं नाव आणि तारीख लिहून आणली होती. तात्यांनी तिसऱ्या संगणकावर पहिल्या संगणकाचा आराखडा उघडला. नवं दार जुन्या कपाटाला रंधा न लावता बसलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आपल्या भागात लाकूड पावसात फुगतं. उन्हाळ्यात कापलेल्या खणाला दोन्ही अंगांना मोकळी फट ठेवावी लागते. पावसाळ्यात कापलेला आधीच फुगलेला असतो, त्याला फट कमी. म्हणून तात्यांचा प्रोग्राम रोज सकाळी आधी एक प्रश्न विचारी : "आज म्हैना कंचा?" आपण आकडा द्यायचा, मगच तो पुढे सरके.

विंडोजचा संगणक आला त्या उन्हाळ्यात तात्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बेळगावला होते. प्रोग्राम नव्या संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे होतं. एप्रिलच्या आठ तारखेला आम्ही दिग्गी गावच्या नर्सबाईंच्या औषधांच्या कपाटाचे खण कापले. बाबू मेस्त्रींनी ते जोडले आणि तळाला नाव घातलं.

आषाढात, भर दुपारी, दिग्गीचा एक माणूस फुटका खण डोक्यावर घेऊन कारखान्यात आला. त्याने तो तात्यांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो तुमचाच न्हवं?"

"व्हय."

"माज्या वैनीचं बाळंतपण झालं. रगत थांबंना. इंजेक्शन ह्याच्यात, आनि ह्यो हालंना. कुराडीनं फोडला. वाचली ती, पन तुमच्यामुळं न्हाई."

मग त्याने खण उलटा करून नाव वाचलं आणि विचारलं, "बाबू कोन?" बाबू मेस्त्री तिथेच उभे होते. त्यांच्या हातातला रंधा खाली पडला.

तात्यांनी खण मोजला. दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट हवी होती, होती जेमतेम अर्धा सूत. ते संगणकासमोर बसले, तासाभराने उठून बाहेर आले आणि सर्वांदेखत म्हणाले, "मेस्त्रीची चूक न्हाई. माप माज्या प्रोग्रामनं दिलं. चूक माजी हाय." झालं होतं असं, की नवा संगणक तारखेत महिना आधी आणि दिवस मागून ठेवी, आणि आमचा प्रोग्राम उलटं वाची. आठ एप्रिलचा त्याने ऑगस्ट केला आणि उन्हाळ्यात पावसाळ्याची फट दिली. तेरा तारखेपासून पुढे, तेरावा महिनाच नाही म्हणून, तो मुकाट्याने उन्हाळा धरी, त्यामुळे आधी कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी तात्या रंधा घेऊन, भर पावसात, चिखल तुडवत दिग्गीला गेले आणि एकेक खण मोकळा करून आले. तिथे त्यांना कुणी पाणीही विचारलं नाही. पुढे दोन वर्षं दिग्गीची माणसं कारखान्यापुढून मान वळवून जात. त्या काळात तात्या माझ्यावर एकदाही चढ्या आवाजात बोलले नाहीत. उलट माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी स्वतःच्या हाताने पाळणा करून आणला.

आणि मी? नव्या माणसांना काम शिकवताना मी हा किस्सा सांगत असे. "एवढे हुशार तात्या, पण तारखेत घसरले." वर हसतही असे.

मागच्या आठवड्यापर्यंत हे असंच चाललं. येत्या जानेवारीत सन दोन हजार लागून वर्षाचे आकडे पालटणार म्हणून मी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासायला घेतला. जुन्या फ्लॉपीवरची प्रत शेजारी ठेवली. जुन्या प्रतीत महिन्याचा प्रश्न होता. विंडोजच्या पहिल्या प्रतीत तो नव्हता. त्या जागी शेरा होता : महिन्याचा प्रश्न काढला, तारीख संगणकाकडून घेतली. शेजारी तात्यांची आद्याक्षरं आणि एप्रिलमधला एक दिवस.

त्या दिवशी तात्या बेळगावात डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेले होते. आदल्याच दिवशी मी त्यांना मोसंबी देऊन आलो होतो.

मी दोन्ही प्रती पुन्हा ताडून पाहिल्या. मग हळूहळू आठवलं. तो प्रश्न मी काढला होता. तारीख संगणकाला ठाऊक असताना रोज काय विचारायचं, असं म्हणून वैतागून काढला होता. नुसतं काढलंय, नवीन काही घातलं नाही, मग नाव कशाला, असंही मला वाटलं होतं. नंतर मी ते साफ विसरलो, इतकं ते मला क्षुल्लक होतं. तात्यांना त्या तासाभरात सगळं कळलं होतं. बिननावाची ओळ त्यांच्या नियमात बसत नव्हती आणि माझं नाव घालायला त्यांचं मन धजलं नाही. या कारखान्यात खोटं नाव एकदाच पडलं, आणि ते तात्यांनी घातलं.

मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुज्या बायकोला दिवस गेलेले व्हते. तू नवीन व्हतास. गावानं तुला हितं ठेवला नसता. माजं काय, मी जुना." मग विषय बदलून त्यांनी वर्षाच्या आकड्यांचं काय झालं ते विचारलं.

सत्काराच्या दिवशी दिग्गीची ती वहिनी मुलाला घेऊन पुढच्या रांगेत असणार आहे. बाबू मेस्त्रीही असतील. हा लेख मी त्यांच्यासमोर उभं राहून वाचणार आहे. तात्या नको म्हणतील, यावेळी मी ऐकणार नाही. प्रोग्राममधल्या त्या ओळीवरची त्यांची आद्याक्षरं मी काल काढली आणि माझी घातली. तो बदल कुणी केला हेही, नियमाप्रमाणे, खाली लिहिलं आहे.

तात्यांनी तो प्रश्न त्याच वर्षी परत बसवला होता. तो आजही रोज सकाळी पडद्यावर येतो आणि उत्तराला तात्याच लागतात. त्यांची दृष्टी स्वच्छ राहो, गुडघे साथ देवोत, आणि आणखी कितीही संगणक बदलले तरी "आज म्हैना कंचा?" याचं उत्तर द्यायला ते खूप खूप वर्षं त्या खुर्चीत बसलेले असोत. मी शेजारी उभा असेन, आणि जे करीन त्यावर माझं नाव घालीन.