एका घरातून एकच पदाधिकारी

नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलव्हीनच्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभं राहायचं मी ठरवलं, तेव्हा मला ताप नव्हता. (टेस्ट केली होती. निगेटिव्ह.) हे आधीच सांगतो, कारण पुढची हकिगत ऐकून बरेच जण तशी शंका घेतात.

ते दिवस लॉकडाउनचे होते. आम्ही तिघंही चोवीस तास घरात. मी वरच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिस करायचो, मुलगी इरा जिन्यात बसून शाळा करायची आणि बायको मेघना स्वयंपाकघरातून सगळं जग चालवायची. यात अतिशयोक्ती फारशी नाही. मंडळातलं कोणी क्वारंटाइनमध्ये गेलं की त्यांच्या दारात सायकलवरून डबा पोचायचा, तो तिच्यामुळे. खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका. तिथे हॉलच्या परवानगीसाठी फोनवर डचमध्ये भांडायची, तीही हीच. ग्रोनिंगनमध्ये अडकलेल्या मराठी पोरांना चकल्या पोचल्या त्यासुद्धा हिच्याच खटपटीने, आणि त्यातली एकही तुटली नव्हती. मंडळात तिला पद मात्र कुठलंच नव्हतं. कोणी कधी दिलं नाही आणि तिने कधी मागितलं नाही.

मंडळासाठी माझं कार्य जरा वेगळ्या स्वरूपाचं होतं. मी अनुमोदन द्यायचो. आपल्या सभांमध्ये कोणीतरी ठराव मांडतो, मग 'अनुमोदन कोण देतंय?' असा प्रश्न येतो आणि सगळी सभा एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागते. अशा वेळी मागच्या रांगेतून 'माझं अनुमोदन' असा जो आवाज येतो, तो माझा. त्यामागे विचार वगैरे काही नसायचा. अनुमोदन झालं की सभा पुढे सरकते आणि सभा सरकली की बटाटेवडे येतात, एवढं मला अनुभवाने कळलं होतं.

असा माणूस एकदम निवडणुकीला का उभा राहिला? खरं सांगतो. त्या वर्षात माझं कोणी ऐकेनासं झालं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी बोलायला लागलो की लोक कॅमेरे बंद करत. घरी इराला हाक मारली तर ती कानातली गाणी मोठी करी. मेघनाला काही सांगायला जावं तर ती फोनवर कोणाला तरी डब्यात वरण किती पातळ हवं ते विचारत असायची. मला कुठेतरी, कोणीतरी ऐकायला हवं होतं. अध्यक्षाचं ऐकतात, असं मी ऐकून होतो.

अडचण एकच होती, ती म्हणजे दादा सबनीस. मंडळ स्थापन झाल्यापासून अध्यक्ष दादाच. उपाध्यक्ष त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या सबनीस वहिनी. मंडळाची वेबसाइट सांभाळायचे त्यांचे जावई. (सांभाळायचे म्हणजे त्यावर दादांचा फोटो दर दिवाळीला बदलायचे.)

निवडणूक अधिकारी होत्या झूटरमेरच्या जोशी मॅडम. त्यांनी फर्मान काढलं, की दोन्ही उमेदवारांनी 'मंडळाच्या कारभारात काय सुधारणा कराल?' यावर आपले विचार रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकावेत. दादांनी जेवणाच्या टेबलावर संत्रं सोलता सोलता रेकॉर्डिंग केलं. "मंडळ म्हणजे घर," ते म्हणाले. "घरात कोणी नियम बघून वागतं का? आजवर चाललंय तसं चालू द्या. मुलांनो, मास्क लावा." संपलं. उरलेला वेळ त्यांनी ते संत्रं खाल्लं.

मी मात्र तयारीनिशी उतरलो. लग्नातला झब्बा घातला, मागे पडदा लावला आणि सुधारणांचा नुसता धबधबा सोडला. कोणीही दोनदाच अध्यक्ष! सातही उपसमित्या बरखास्त! प्रत्येक निर्णय सर्वांसमोर! आणि शेवटी माझं ब्रह्मास्त्र: एका घरातून एकच पदाधिकारी. घराणेशाही खतम!

तालमीच्या वेळी इरा जिन्यातून ऐकत होती. ती मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते.

"बाबा, व्हॉट इज घराणेशाही?"

"एकाच घरातले सगळे जण खुर्च्या धरून बसतात ना, ते."

"सो इफ यू विन, आई कान्ट?"

"आईला कुठे काय व्हायचंय?" मी म्हणालो आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. पोरीने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण हल्ली ती सगळ्यांकडेच तशी बघत असे.

रविवारी दुपारी ऑनलाइन सर्वसाधारण सभा सुरू झाली. मी वरच्या खोलीत, मेघना खाली स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून. आमच्या मंडळात अध्यक्षाची निवड नेहमी सगळ्यात शेवटी होते. आधी घेतली तर लोक वडे खाऊन पळतात, म्हणून हा रिवाज पडला. या खेपेला वडे नव्हते, पण रिवाज होता. आधी घटनादुरुस्ती, मग बाकीची पदं, शेवटी अध्यक्ष.

मी माझी 'एका घरातून एकच पदाधिकारी' ही दुरुस्ती मांडली; बाकीचा धबधबा अध्यक्ष झाल्यावर सोडायचा होता. ग्रोनिंगनच्या पोरांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं उडवली. जोशी मॅडम चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "अशी दुरुस्ती पुढच्या निवडणुकीपासून लागू करायचा प्रघात आहे."

"मॅडम, या प्रघातांनीच आपला घात केलाय," मी म्हणालो. (हे वाक्य मी सकाळी दाढी करताना तयार केलं होतं.) "दुरुस्ती आत्तापासून लागू झाली पाहिजे. या क्षणापासून!"

"नक्की?"

"नक्की."

मला वाटलं दादा आता उसळतील. दादांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "मिलिंदराव बोलतायत ते योग्य आहे. माझा पाठिंबा." मागून सबनीस वहिनी म्हणाल्या, "मला तर सुटल्यासारखंच होईल हो. गुडघे कुठे साथ देतायत?" जावयांनीही तिथल्या तिथे वेबसाइट सोडली. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. दादांचं सगळं घर पदावरून उतरलं आणि एकटे दादा तेवढे धुतल्या तांदळासारखे उरले, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी मनातल्या मनात विजयाचं भाषण जुळवत होतो.

मग सचिवपद आलं.

"एक नाव सुचवतो," दादा म्हणाले. "ज्या बाईनं गेलं वर्षभर पदाशिवाय हे मंडळ चालवलं, तिला आता पद देऊ या. आपली मेघना."

पडदाभर टाळ्या, बदाम, काय काय उडायला लागलं. जोशी मॅडमनी विचारलं, "मेघनाताई, मान्य आहे का?"

"हो," खालून आणि लॅपटॉपमधून एकाच वेळी मेघनाचा आवाज आला. "मान्य आहे."

"अनुमोदन कोण देतंय?"

शांतता. सगळे घरबसल्या बुटांकडे बघायला लागले. (बूट नव्हते. सपाता होत्या.) ही शांतता मला कधीच सहन होत नाही.

"माझं अनुमोदन," कोणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा वाटला.

मेघना बिनविरोध सचिव झाली. मी टाळ्या वाजवल्या, कॉलर सारखी केली आणि अध्यक्षपदाची वाट बघत बसलो.

"मिलिंदराव," जोशी मॅडम म्हणाल्या, "एक अडचण आहे."

"आवाज येत नाही का?"

"आवाज येतोय. तुमचा अर्ज बाद झालाय."

"पण मी अजून निवडूनच आलो नाहीये!"

"तेच म्हणते. आता येऊ शकत नाही. तुमच्या घरातून सचिव झाल्या."

"मॅडम, ही दुरुस्ती पुढच्या निवडणुकीपासून लागू केली तर?"

"तसा प्रघात होता," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मोडलात."

मी पाच मिनिटांचा अवधी मागितला आणि जिना उतरून, म्हणजे जवळजवळ घरंगळत, स्वयंपाकघरात गेलो. मेघना कणीक मळत होती.

"तू मला काही बोलली नाहीस!"

"तीनदा बोलले. दादांनी विचारलंय, होऊ का सचिव, म्हणून. तू हेडफोन लावून बसला होतास. तिन्ही वेळा अंगठा वर केलास."

"मला वाटलं तू चहाचं विचारतेयस."

"चहाही दिला की मी. तिन्ही वेळा."

हे खरं होतं. चहा चांगला झाला होता, हेही मला आठवलं.

"सोडू का मी?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता, पण हात कणकेत थांबले होते. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिने मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. गेलं वर्षभर त्या कपाटात पडून होत्या, आणि आज त्या फोनच्या कॅमेऱ्यात दिसतील न दिसतील, तरी तिने घातल्या होत्या. अध्यक्ष व्हायचं म्हणून मी नवा पडदा विकत आणला होता आणि बायकोला काय व्हायचंय हे माझ्या मुलीलाही माझ्याआधी माहीत होतं.

"सोडू नकोस," मी म्हणालो. "मी अर्ज मागे घेतो."

"बाद झालाय तो."

"बाद झालेला मागे घेतो."

जिन्यातून इरा म्हणाली, "टोल्ड यू." मी तिला गप्प बस म्हणणार होतो, पण त्या घरात आता मला कसलाच अधिकार उरला नव्हता.

वर येऊन बसलो. सभा तशीच थांबली होती. दादांचं दुसरं संत्रं सुरू झालं होतं. जोशी मॅडमनी जाहीर केलं, की अध्यक्षपदासाठी एकच उमेदवार उरला आहे, श्री. दादा सबनीस, आणि नाव सबनीसांच्या जावयांनी सुचवलं आहे.

"अनुमोदन कोण देतंय?"

ग्रोनिंगनच्या एका पोराचं मांजर कॅमेऱ्यासमोरून गेलं. लोक सपातांकडे बघत होते. मी ओठ घट्ट मिटले, दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि मनाशी म्हणालो, मिलिंद, आज नाही. आज काही झालं तरी नाही.

"अनुमोदन?" मॅडमनी परत विचारलं.

खालून पोळ्यांचा वास यायला लागला होता.

दादा बिनविरोध निवडून आले. आभार मानताना ते म्हणाले, "मिलिंदरावांच्या सुधारणांमुळेच मंडळाला अशी सचिव आणि मला असा अनुमोदक लाभला."