चौथी खोली

बोर्डीचे नाव निघाले की मला शेठच्या चाळीतली ती चौथी खोली आठवते. पालघर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षे झाली होती आणि पोलीस म्हणून माझी नेमणूक डहाणूच्या किनारपट्टीवर होती. नोकरीतले ते सुखाचे दिवस. समोर समुद्र, मागे चिकूच्या वाड्या आणि स्टेशन डायरीत फार तर एखादे बांधावरचे भांडण.

त्या हिवाळ्यात गावात राज्य पातळीवरची कबड्डी स्पर्धा ठरली. डहाणू रोडपर्यंतचे लॉज भरले. लोक घरातल्या खोल्या तिप्पट-चौपट भाड्याने देऊ लागले.

स्पर्धेला चार दिवस असताना सकाळीच एक वाडीमालक फिर्याद घेऊन आले. गाव त्यांना शेठ म्हणे. आदल्या दिवशी पत्नीची सोन्याची चेन गेली होती आणि संशय भाडेकरू बाईवर होता. बाई तलासरीकडची, वाड्यांमध्ये चिकू निवडायला जाणारी. नवरा चिंचणीच्या बोटीवर खलाशी, तेव्हा समुद्रात. मुलगी दहावीला. शेठच्या चार खोल्यांपैकी तीन रिकाम्या होत्या, चौथीत हे कुटुंब सहा वर्षे राहत होते.

तासाभरात ठाण्यात निनावी फोन आला. "तिच्या तांदळाच्या डब्यात बघा."

महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन आम्ही गेलो. चेन डब्यातच निघाली. शेजारपाजारचे सगळे जमले होते. पंचनामा करून बाईला ठाण्यात आणले.

चौकशीत ती एकच सांगत राहिली. "मी नाय घेतली, साहेब. शेठ खोली खाली कर म्हणत होते. मी म्हटलं, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग जाते."

"कधीपासून म्हणत होते?"

"स्पर्धेचं ठरलं तेव्हापासून."

खरे सांगायचे तर माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. मुद्देमाल हाती आला की पोलिसाचे डोके पुढचा विचार करत नाही.

दुपारी बंदोबस्ताच्या कामासाठी मैदानावर गेलो. मंडपवाल्याचा माणूस टेम्पोत गाद्या भरून उभा होता. त्याने मलाच शेठच्या चाळीचा रस्ता विचारला. "चारही खोल्यांत गाद्या टाकायच्यात, साहेब."

"चारही? कधी सांगितलं तुला?"

"आठ दिवस झाले."

तसाच मागे फिरलो आणि शेठना बोलावून घेतले. "शेठ, चेन काल गेली. चौथी खोली रिकामी होणार हे तुम्हाला आठ दिवस आधी कसं कळलं?"

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "साहेब, एरवी या गावाला कोण विचारतं? तीन दिवस माणसं येणार. भाडं वाढवलं तर काय गुन्हा झाला?"

"भाडं वाढवण्यात गुन्हा नाही. पाहुण्याला परवडलं तर राहील, नाहीतर दुसरीकडे जाईल. ती बाई कुठे जाणार होती?"

मग त्यांनी कबूल केले. चेन त्यांनीच ठेवली होती, फोन मेहुण्याकडून करवला होता. खोट्या फिर्यादीबद्दल त्यांच्यावरच कारवाई केली.

बाईला म्हणालो, "जा आता घरी." ती हलली नाही.

"सगळ्यांसमोर आणलंत, साहेब. आता सगळ्यांसमोर सोडा. अन् मी चोर नाय, हे तुमच्या तोंडानं सांगा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत असे कोणी मागितले नव्हते. मी तिच्याबरोबर चाळीत गेलो. उन्हे अजून उतरली नव्हती. शेजाऱ्यांना आणि पंचांना बोलावून मोठ्याने सांगितले, "या बाईंनी चोरी केलेली नाही. चूक आमची झाली." मुलगी पुढे आली आणि माझ्याकडे न पाहता आईचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

त्या खोलीत ती पुन्हा राहिली नाही. ऐन गर्दीत एका निवृत्त शिक्षकांनी तिला नेहमीच्याच भाड्याने जागा दिली. मुलगी तिथूनच दहावी पास झाली.

शेठ काही दुष्ट नव्हते. प्रत्येक बंदोबस्ताला आमच्या शिपायांना चहा त्यांच्याच घरून येई. म्हणूनच ही केस मला बोचते. निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या सुरूंच्या सावलीत बसलो की बाकी सारे गोड आठवते, फक्त इथे हिशेब जुळत नाही. बाईला चोर ठरवायला शेठना आठ दिवस लागले. मला अर्धा दिवसही लागला नव्हता.