दिलरुक्षीचे बारा महिने

केनवडच्या अश्वजितनं कतारमधल्या दोहाच्या हॉटेलात नोकरी करताना सोबत काम करणाऱ्या श्रीलंकेच्या मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन तो गावी परतला. तिचं नाव दिलरुक्षी. सासू लिलाबाईंनी दोन दिवस जीभ वळवून पाहिली, मग सरळ 'रुक्षी' म्हणायला सुरुवात केली.

रुक्षी वर्षभरात फर्डं वऱ्हाडी बोलू लागली. व्हिसा वाढवायला वाशीमच्या खेपा मात्र चुकेनात. मतदानाला सगळं घर जायचं, ही एकटी चूल सांभाळत बसायची. शेवटी तिनं कलेक्टर ऑफिसात नागरिकत्वाचं विचारलं.

"परक्या माणसाला एरवी बारा वर्षं लागतात," कारकून म्हणाला. "तुमचा नवरा इथला, म्हणून सात. पण अर्जाच्या आधीचे बारा महिने देशाबाहेर जायचं नाही."

सात वर्षं भरत आली आणि तिकडे श्रीलंकेत मातऱ्याला तिची आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

"कारण दाखवलं तर महिनाभराची सूट मिळू शकते," अश्वजित म्हणाला.

"महिन्यात आई उभी नाही राह्यली तं?" रुक्षी घुटमळली.

लिलाबाई भाकरी थापत होत्या. "कायले इचार करून राह्यली व? माय हाय ना तुई. जाय."

ती गेली. आई वॉकर धरून अंगणापर्यंत चालू लागली तेव्हाच परतली. तोवर अडीच महिने उलटले होते. बारा महिने पुन्हा पहिल्यापासून, कारकुनानं सांगितलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण सडकून भूक लागली. स्टँडवर तिनं दोन प्लेट आलुबोंडे खाल्ले आणि केनवडची गाडी पकडली.

पुढचं वर्ष सरलं, अर्ज गेला, चौकशीला पोलीस जमादार आला. त्यानं शेजारच्या धुरपताबाईंना विचारलं, "बाई कशी आहे? भांडण-बिंडण?"

"भांडते ना. नळावर आमच्यापेक्षा जोरात."

जमादारानं 'वर्तन चांगले' असं लिहून घेतलं.

मग वाट पाहणं. मुलगी साधना पहिलीतून तिसरीत गेली. मध्येच श्रीलंकेचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला द्यावा लागला. मग रुक्षीनं कलेक्टर ऑफिसात शपथ घेतली. प्रमाणपत्र हाती आलं आणि तिनं आईला फोन लावला.

"म्हणजे आता माझ्याकडे यायला तुला व्हिसा लागणार?" आईनं विचारलं.

"लागणार."

आई म्हणाली, "काढ. आणि नातीला घेऊन ये."

"काय म्हणते माय?" लिलाबाईंनी विचारलं. रुक्षीनं सांगितलं.

"मंग मले बी पासपोर्ट काढा लागन. इहीनबाईले पाह्यलंच नाही मी अजून."

"काढू ना, आत्याबाई," रुक्षी म्हणाली, आणि त्यांना कोणकोणते कागद लागतील ते एकेक करून सांगू लागली.