मावसबहीण

विजू कुणाच्याही घरात पुढच्या दाराने शिरत नसे. ती उपकेंद्रातली नर्स. खांद्याला लसींचा निळा डबा, पायात रबरी चपला. घर कुणाचंही असो, ही वळसा घालून थेट मागल्या दाराशी जायची, धुण्याच्या दगडावर टेकायची आणि आत हाक मारायची, "काय गो, कशी हायस?" मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "पुढच्या दारानं गेलं की माणसं चहा देतात. मागल्या दारानं गेलं की खरं सांगतात." कुणाला दिवस गेलेत, कुणाला ते नको आहेत, कुणाचा नवरा मुंबईहून सुट्टीवर आला की हात उचलतो, सगळं तिच्या पोटात असायचं. मला त्यातलं अक्षरही ती सांगत नसे.

माझं काम उलटं. मी रत्नागिरीत एका हायस्कुलात लिपिक आहे. जन्मतारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव, सगळं बिनचूक उतरवायचं आणि दाखले द्यायचे. नोंदीत खाडाखोड मला खपत नाही, त्यावरून शाळेत माझी टिंगलही होते. अशी मी विजूबद्दल पहिल्या दिवशी एक खोटं बोलले आणि सोळा वर्षं ते खोडलं नाही. तिच्यावर लिहायला बसले तरी पहिल्यांदा राग माझाच येतो, आणि तो काढायला घरात आता दुसरं कुणी नाही.

ते खोटं रत्नागिरीतल्या मांडवीतलं. आम्ही दोघींनी एकत्र राहायचं ठरवलं तेव्हा तिथे दोन खोल्या बघायला गेलो होतो. माझं तिच्यावर प्रेम होतं, तिचं माझ्यावर होतं, आणि हे एकमेकींना सांगून जेमतेम तीन महिने झाले होते. मालकीणबाईंनी किल्ली हातात धरूनच विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?" विजूने तोंड उघडलं होतं. ती काय बोलणार होती ते मला आजही ठाऊक नाही, कारण तिच्या आधी मीच म्हणाले, "मावसबहिणी." मालकीणबाई खूश झाल्या. "तरीच! नाक बघा कसं अगदी सारखं." विजूचं नाक बसकं आणि माझं पोपटाच्या चोचीसारखं. किल्ली मिळाली.

संध्याकाळी सामान लावताना विजूने विचारलं, "मावशीचं नाव काय ठेवूया?" मी हसले. ती हसली नाही. पुढे हे तिचं ठरूनच गेलं. मी लोकांसमोर तिच्यापासून चार हात लांब बसले, बाजारात तिने धरलेला हात सोडवून घेतला, की घरी येऊन ती शांतपणे विचारायची, "मावशी बरी हाय ना गो, सुधे?" भांडण असं ती करतच नसे. तिचं मागणंही मोठं नव्हतं. "दवंडी पिटू नको. पण कुणी तोंडावर विचारलं तर खोटं सांगू नको, एवढंच." मी म्हणायचे, नोकरी जाईल, खोली जाईल, माझी आई जीव देईल. आई पुढे म्हातारपणाने शांतपणे गेली, नोकरी तशीच राहिली, खोली आम्ही स्वतःच सोडली. मग मी नवी कारणं शोधून काढली.

खोली सोडली ती घर बांधायला. शहरापासून अर्ध्या तासावर तिच्या उपकेंद्राच्या गावात जागा घेतली, दोघींच्या नावावर. चिऱ्याच्या भिंती, मागे फणस, मागल्या दाराशी धुण्याचा दगड. सगळ्यात मी म्हणेन तसं तिने होऊ दिलं, फक्त पुढच्या अंगणाबाबत ऐकलं नाही. एवढं मोठं खळं कशाला, भात झोडायचंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पालखी नाचवायची हाय." शिमग्यात आमच्या गावाची पालखी घरोघर जाते. खळ्यात खांद्यांवर नाचते, मग मानकरी त्या घराच्या नावाने देवीला गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागल्या दारी बसलेल्या या बाईला आपल्या पुढच्या दाराशी देवी यायला हवी होती.

वास्तुशांतीला भटजी म्हणाले, पूजेला जोडपं लागेल. शेजारच्या शेवंतीकाकू आणि त्यांचे यजमान आमच्या घरात पाटावर बसले, काकू नथ घालून. विजू आणि मी आत स्वयंपाकघरात वाटलीडाळ वाढत होतो. विजूने दारातून एकदा डोकावून बघितलं आणि मला म्हणाली, "घर आपलं, जोडपं मागून आणलेलं." मग सगळे गेल्यावर तिने तो पाट पुन्हा मांडला, मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि उरलेल्या अक्षता दोघींच्या डोक्यावर टाकल्या. मी उठून आधी दार लावून आले. माझं लग्न झालं ते एवढंच, आणि त्यातही कडी मी घातली.

हसण्यासारखंही पुष्कळ होतं. शेवंतीकाकूंनी एकदा माझ्यासाठी चिपळूणचा एक विधुर शोधला, रविवारी बघायला येणार म्हणून. मी घाबरले. विजूने जागच्या जागी एक नवी मावशी जन्माला घातली आणि मारूनही टाकली. "आमची धाकटी मावशी कालच गेली हो काकू, आम्हांला सुतक हाय." काकूंनी हळहळ व्यक्त केली, बोटं मोजली आणि म्हणाल्या, "मावशीचा तीन दिवसांचा. शनवारी फिटतोय." गावाचे मानकरी तात्या वाटेने चालले होते, त्यांना विचारून खात्रीही करून घेतली. कुणाचं कुणाला किती दिवसांचं सुतक, मावशीचं तीन, घरच्या माणसाचं दहा, हे तात्यांना तोंडपाठ. शेवटी रविवारी विधुर आला. विजूने त्याला चहा दिला आणि मला रात्री झोपेत ओरडायची सवय आहे असं कळवळून सांगितलं. तो पोहे न संपवताच गेला. ती खोटी मावशी मेल्याबद्दल काकूंनी दिलेली भाकरी-भाजी आम्ही आठवडाभर आठवून हसत होतो.

पहिली दोन वर्षं पालखी आमच्या घरावरून पुढे गेली. आम्ही बाहेरच्या. विजू सारवलेल्या खळ्यात हात जोडून उभी राहायची आणि ढोल लांब गेले की रांगोळीवर पाणी टाकायची. मग एका पावसाळ्यात वाटेतल्या पऱ्याला पाणी आलं, गाडी येईना, आणि तात्यांच्या सुनेला विजूने आमच्या मागल्या पडवीतच सोडवलं. मुलगी झाली. त्या शिमग्याला पालखी आमच्या खळ्यात आली. विजूने रेशमी साडी नेसली होती. तिला साडीत पाहायची सवय नसल्याने मी तिच्याकडेच बघत राहिले. नारळ हातात घेऊन तात्यांनी विचारलं, "गाऱ्हान्यात नाव कसा घेऊ? दोगी कोन म्हनून घेऊ?"

 विजू माझ्याकडे बघत उभी राहिली. तिने ते मुद्दाम माझ्यावर सोडलं होतं, आणि ते मला कळलं होतं. खळ्यात पन्नास माणसं होती. मी म्हणाले, "मावसबहिणी आहोत, तसंच घ्या." तात्यांनी देवीला सांगितलं, ह्या दोगी मावसबहिनींना सुखात ठेव म्हाराजा, आणि पन्नास जणांनी माझ्या खोट्यावर 'व्हय म्हाराजा' म्हटलं. संध्याकाळी भांडी विसळताना विजू म्हणाली, "देवीसमोर पण मावशी आणलीस." पुढच्या वर्षांत पालखी येत राहिली, ती मनापासून ओटी भरायची, पण रेशमी साडी काही तिने पुन्हा काढली नाही.

यंदा फाल्गुनात, शिमगा तोंडावर असताना, ती मागल्या दाराशी कोसळली. सकाळचे आठ वाजले होते. मांजराला मासळीची डोकी घालत होती. मेंदूत रक्तस्राव झालाय असं इस्पितळात डॉक्टर म्हणाले. माझ्या हातात कागद दिला. त्यात 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना होता. असे रकाने भरण्यात माझा जन्म गेला. पेन अडखळलंसुद्धा नाही. मी 'मावसबहीण' लिहिलं.

तिला आत नेण्याआधी पाच मिनिटं मिळाली. तोंड एका बाजूला गेलं होतं, पण डोळे उघडे होते. तिने माझं बोट धरलं आणि जड जिभेने म्हणाली, "मावशीला कळव." ती माझी थट्टा करत होती, मला बोलत होती, की माझं हसू बघायचं होतं तिला, मला कळलेलं नाही. मी त्यावर हो म्हटलं. नंतर ती बोललीच नाही.

रात्री तिचा भाऊ मुंबईहून आला. आत एकाच माणसाला सोडत होते, जवळच्या. तो वाईट माणूस नाही. मला म्हणाला, "ताई, तुम्ही खूप केलंत. आता मी आलोय, तुम्ही घरी जाऊन आराम करा." मी घरी गेले नाही. दोन दिवस बाकावर बसून होते. तो दर वेळी बाहेर येऊन चष्मा पुसायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायचे. त्या रकान्यात मी दुसरं काही लिहिलं असतं तर मला आत सोडलं असतं का, ते माहीत नाही. बहुधा नसतंच सोडलं. पण मी तसं लिहिलंय हे तिला सांगता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली, आणि तिला भावाने तिच्या गावी नेलं. तिथे मावसबहिणीचं खोटंही चालणार नव्हतं, तिच्या खऱ्या मावसबहिणी पदर डोळ्यांना लावून ओळीने बसल्या होत्या. मला कुणीतरी विचारलं, "आपण कोण?" मी म्हणाले, "एकत्र राहायचो." मला पुढच्या पडवीत खुर्ची दिली. थोड्या वेळाने शेजारच्या घरातून चहा आला, पाहुण्यांसाठी. मी तो कप हातात धरून बसले, आणि तिला माझ्यासमोरून घेऊन गेले.

सहाव्या दिवशी आमच्या वाडीत पालखी निघाली. सकाळपासून ढोल ऐकू येत होते. मी तिचा गाऊन घालून मागल्या दाराशी बसले होते. काही खाल्लं नव्हतं, आणि खायचं का हेही सुचत नव्हतं. शेवंतीकाकू आल्या. "उठ गो बाय. मावसबहिनीचा तीन दिवसांचा, तुझा फिटला. पालखी येतेय. तिची केवढी हौस होती." मी मान डोलावली. मान डोलावायची सवयच आहे मला. काकूंनी खळं झाडलं, शिंपडलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट भरून माझ्या हातात दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता ढोल वाजणार, माझ्या दारात पालखी नाचणार, आणि विजू जाऊन सहा दिवस झालेले असताना मी कुणाचीच काही नाही असं देवीला सांगितलं जाणार. सांगणारी मीच, सोळा वर्षांपूर्वीची.

पालखी खळ्याच्या कडेला थांबली. तात्या पुढे आले. "बाय, वाईट झाला. शिस्टर गेली, गावाचा हात गेला. पन तुजा सुतक फिटलाय. आत घेऊ ना पालखी?"

"तात्या, ती माझी मावसबहीण नव्हती," मी म्हणाले.

आवाज फुटला नसावा, कारण त्यांनी कान पुढे केला. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "नव्हती मावसबहीण. आम्ही खोटं सांगत होतो. मी सांगत होते. मला दहा दिवसांचं आहे."

भोयांच्या मागे कुणीतरी खुसखुसलं. एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं.   तात्यांनी घराकडे, मागल्या दाराकडे जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं.

"आज कितवा?" त्यांनी विचारलं.

"सहावा."

ते वळले. "पालखी फुडं घ्या रे. ह्या घरात धा दिवसांचा सुतक हाय." कुणीतरी काहीतरी बोललं, त्यावर तात्या एवढंच म्हणाले, "ऐकला नाय काय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फुडल्या शिमग्याला येऊ."

पालखी आमच्या घरावरून पुढे गेली. तीन घरं ओलांडेपर्यंत ढोल वाजला नाही.  शेवंतीकाकूंनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, मागे जाऊन बादली आणली आणि रांगोळीवर पाणी टाकलं. मग घरी गेल्या आणि झाकलेली पेज घेऊन पुढच्या दाराने आत आल्या.

त्या ताटली शोधत होत्या तेव्हा मी विजूच्या धुण्याच्या दगडाकडे गेले आणि तिला सांगितलं की मावशीला कळवलं.